सिंगापूरचा नाताळ आणि 'फुकटचे' तीन लाख

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. माझं वय ३८, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, महिन्याला हातात १ लाख १५ हजार येतात. मिसेस इंग्रजी शाळेत शिकवते, पगार २८ हजार. मुलगी ९ वर्षांची (फेब्रुवारीत दहा पूर्ण होतील), मुलगा ५ वर्षांचा. आई आमच्याकडेच असते, वय ६६. नाताळच्या सुट्टीत, २४ ते २९ डिसेंबर, मुलांना सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ दाखवायचा आहे. पाच जणांचं पॅकेज ५ लाख २० हजार. ट्रॅव्हलवाला सहा महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय' देतोय. दुसरा मार्ग म्हणजे ४ लाखांची एफडी आहे ती मोडायची आणि वरचे पैसे कार्डावर टाकायचे. पैशाची तशी अडचण नाही, कारण बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड पॉलिसीचे ३ लाख २८ डिसेंबरला मिळणार आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त ट्रिप फुकटच पडते. पॉलिसीचा हप्ता वर्षाला २ लाख आहे. एकदम भरणं जड जातं म्हणून गेली तीन वर्षं क्रेडिट कार्डावर भरून त्याचे बारा हप्ते करून घेतो. घराचं कर्ज ३८ लाख बाकी आहे, ईएमआय ३५ हजार. विमा वेगळा घेतलेला नाही, कारण याच पॉलिसीत २० लाखांचं कव्हर आहे आणि कंपनीचंही २० लाखांचं आहे. तर एफडी मोडू की ईएमआय घेऊ? पॉलिसीची पानं, कार्डाचं स्टेटमेंट आणि ट्रॅव्हलवाल्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे.

उत्तर : दोन्ही नको. एफडीला हात लावू नका आणि ईएमआयच्या फॉर्मवर सही करू नका. तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. पण पत्रात जाता जाता दोन वाक्यं लिहून गेला आहात. पॉलिसीचा हप्ता कार्डावर भरून त्याचे बारा हप्ते करता, हे एक. विमा वेगळा घेतलेला नाही, हे दुसरं. ती वाचली आणि ट्रिप बाजूला ठेवली. सिंगापूर मे महिन्यातही जागेवरच असणार आहे. या दोन गोष्टींचं मात्र डिसेंबर उजाडायच्या आत काहीतरी करायला हवं.

तरी आधी ट्रिपचं उरकून टाकू, म्हणजे तुमचं लक्ष पुढे लागेल.

कोटेशन शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत का? तळाला बारीक अक्षरात 'टीसीएस वेगळा' असं आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२५ मध्ये १० लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जात होता, म्हणजे झाले आणखी २६ हजार. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना तुमच्या आयकरात वळता होतो, पण आत्ता खिशातून जातोच. (ज्यांनी असा टीसीएस आधीच भरलाय त्यांनी ऑफिसात त्याचा फॉर्म (२०२५ मध्ये तो १२बीएए होता) द्यावा. कंपनी त्या हिशेबाने पगारातला टीडीएस कमी करू शकते. हे पुष्कळ नोकरदारांना ठाऊकच नसतं.) त्याखाली 'ऐच्छिक' म्हणून पाच एक्स्प्रेस पास (राइडची लांब रांग टाळायला), प्रत्येकी ९ हजार. व्हिसाचे पाच जणांचे १५ हजार. दोन वेळचं जेवण पॅकेजमध्ये नाही. टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या, दर राइडच्या बाहेर दबा धरून बसलेलं खेळण्यांचं दुकान, हे सगळं धरलं तर ५ लाख २० हजारांचे साडेसहा लाख होतात. मी कंजूषपणे मोजलेत.

आता त्या साडेसहा लाखांत मिळणार काय ते बघा. सिंगापूरच्या शाळांना नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी असते, त्यात नाताळ, त्यात आपल्याकडच्या इंग्रजी शाळांची सुट्टी. सगळे एकाच आठवड्यात सेंटोसावर, म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओच्या बेटावर. शिवाय डिसेंबर म्हणजे तिथला पावसाळा. आसपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात आणि तिकिटाचे पैसे त्यासाठी परत मिळत नाहीत. तुमचा मुलगा पाच वर्षांचा, उंची लिहिलेली नाही, पण या वयात साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर असते. ममीच्या अंधारातल्या कोस्टरला १२२ सेंटिमीटर लागतात, त्या लाल-निळ्या जोड कोस्टरला १२५. तिथे दारातली पट्टी बघून पोराला बाजूला काढतील, मग तुमच्यातलं एक जण त्याच्यासोबत बाहेर बाकावर. आई ६६ वर्षांच्या. त्या कोस्टरमध्ये बसणार आहेत का, हे त्यांना विचारलंत का? मुळात त्यांना यायचंय का? मग पाच एक्स्प्रेस पास कुणासाठी? निदान दोन पास तर सरळ पाण्यात.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल फार लिहीत नाही. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुणीतरी भरतंच. इथे ते किमतीत मिसळलेलं असतं किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. ट्रॅव्हलवाल्याला फक्त एवढं विचारा, "उद्या सगळे रोख भरले तर किती कमी कराल?" तो जो आकडा सांगेल ती त्या ईएमआयची कॉस्ट. शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी असतोच, तो 'नो कॉस्ट'मध्ये धरत नाहीत.

आणि एफडी? तुमच्या घरातून महिन्याला ईएमआय, कार्डाचा हप्ता, शाळेची फी आणि घरखर्च मिळून सव्वा लाखाच्या आसपास जातात. ४ लाख म्हणजे जेमतेम तीन महिने. चाकणला शिफ्ट कमी झाल्या, लाइन बंद पडली की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं असेल. ही एफडी सहलीसाठी नाही.

आता ते 'फुकटचे' ३ लाख.

पॉलिसी २८ डिसेंबर २०२० ची. वर्षाला २ लाख, दहा वर्षं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ३ लाख परत, दहा पूर्ण झाल्यावर पुन्हा ३ लाख, पंधराव्या वर्षाअखेर २४ लाख. तुम्ही आतापर्यंत पाच हप्ते भरलेत, म्हणजे १० लाख. त्यातलेच ३ लाख ते तुम्हाला परत देणार आहेत. यात फुकट काय आहे? आणि त्याच पानावर, दोन ओळी खाली, सहाव्या हप्त्याची तारीख बघा. २८ डिसेंबर २०२५. ज्या दिवशी ३ येणार, त्याच दिवशी २ जाणार. उरला एक लाख. साडेसहा लाखांच्या ट्रिपमध्ये तुमचं 'निम्म्याहून जास्त फुकट' ते हे. शिवाय ट्रॅव्हलवाल्याला पैसे निघायच्या आधी हवेत आणि तुमचे येणार परतायच्या आदल्या दिवशी.

'२० लाख भरा, ३० लाख घ्या, गॅरंटीड, करमुक्त', बँकेतल्या मॅडमनी असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणूनच हे प्रकरण विकलं जातं. २० चे ३० होतात, पण पंधरा वर्षांत. तारखा धरून परतावा काढला तर वर्षाला साडेचार ते पावणेपाच टक्के पडतो. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि तोही करमुक्तच आहे, सरकारची हमीही आहे. तुम्ही आणि मिसेस, दोघांच्या नावाने तेवढेच पैसे ७.१ टक्क्यांनी वाढले असते आणि मधे तेवढेच ३-३ लाख वजा केले असते, तरी शेवटी २४ च्या जागी साडेएकतीस लाख उरले असते. (पीपीएफमधून पैसे काढायचे नियम वेगळे आहेत, मी फक्त दराची तुलना करतोय.) साडेसात लाख. मॅडमनी हेही सांगितलं होतं की आयकराच्या ८०सी कलमाखाली वजावट मिळेल. तुमचा फॉर्म १६ काढून बघा. नवी करप्रणाली घेतली असेल, आणि तुमच्या पगाराला बहुतेक तीच घेतली असणार, तर ती वजावट शून्य आहे.

बरं, साडेचार टक्के तर साडेचार टक्के. पण तेही तुम्हाला मिळत नाहीत, कारण हप्ता तुम्ही कर्ज काढून भरता. कार्डाच्या स्टेटमेंटवर दर १६ टक्के आहे. २ लाखांचे बारा हप्ते, महिन्याला १८ हजारांच्या वर. वर्षाचं व्याज जवळजवळ १८ हजार, त्यावर जीएसटी ३ हजारांच्या वर. म्हणजे दर वर्षी २१ हजार. १६ टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि ते साडेचार टक्क्यांवर पंधरा वर्षं अडकवून ठेवायचे. तीन वर्षांत साठ हजारांवर रुपये कार्डवाल्या बँकेला गेले. कार्डही त्याच बँकेचं आहे, हेही मी पाहिलं. पॉलिसी विकल्याचं कमिशन त्यांना, हप्त्यावरचं व्याजही त्यांना. तुमच्या शाखेत दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला असेल तर तो तुमच्याच पैशांचा होता.

हा २१ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, त्याचं काम आहे.

समजा, उद्या तुम्ही नाही आहात. मला असं लिहायला आवडत नाही, पण विम्याचा हिशेब दुसऱ्या कुठल्या टोकाने सुरू होत नाही. पॉलिसीचे २० लाख आणि कंपनीचे २० लाख आले. त्यातले ३८ लाख घराच्या कर्जात गेले. उरले दोन. मिसेसचा पगार २८ हजार, घरखर्च साठच्या आसपास, दोन शाळा, आई. घर राहील, पण घर चालायचं नाही. आणि कंपनीचं कव्हर नोकरी आहे तोवरच. पन्नाशीत नोकरी सुटली, तेव्हा साखर-बीपी मागे लागलेलं असलं, तर नवा विमा महाग पडतो, कधी मिळतही नाही.

तुम्हाला साध्या टर्म विम्याची गरज आहे. साधारण दीड कोटींचा, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत. त्यात शेवटी काही परत मिळत नाही. 'पैसे परत' मिळणारा टर्म प्लॅन कुणी पुढे केला तर नको म्हणा, तो याच पॉलिसीचा धाकटा भाऊ आहे. ३८ वर्षांच्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला हे कव्हर वर्षाला २० ते २८ हजारांच्या दरम्यान मिळायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे. आता तो २१ हजारांचा आकडा शेजारी ठेवून बघा. तुम्ही २० लाखांच्या कव्हरसाठी कार्डाला जे नुसतं व्याज देता, जवळपास तेवढ्यात दीड कोटींचं कव्हर आलं असतं. व्याजात. मूळ हप्ता तर बाजूलाच राहिला.

अर्ज भरताना काही लपवू नका. बीपीची गोळी असेल तर लिहा, आठवड्याला एखादी सिगारेट असेल तर तीही लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर खोटी माहिती नेमकी तुमच्या बायकोच्या अंगावर येईल. फॉर्ममध्ये विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायची का, असा प्रश्न असतो. तिथे 'हो' म्हणा आणि मिसेस व मुलांची नावं घाला. मग ते पैसे त्यांचेच, कुठल्याही घेणेकऱ्याला हात लावता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून जमत नाही. आणि वैद्यकीय तपासणीत दोन-तीन आठवडे जातात, म्हणून डिसेंबरची वाट बघू नका.

मग त्या जुन्या पॉलिसीचं काय? माझं एवढं वाचून झाल्यावर तुम्ही सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मधेच मोडण्याचा, फॉर्म मागवाल अशी मला भीती आहे. थांबा. चुकीची वस्तू घेतली म्हणून ती चुकीच्या वेळी फेकायची नसते.

तुमच्या ॲपवर आज सरेंडर मूल्य साडेसहा लाख दाखवतंय. २८ डिसेंबरला ३ लाख मिळाले की ते साडेतीनवर येईल. म्हणजे १० लाख भरून हातात सगळे मिळून साडेसहा. नुकसान पुरतं झालेलं आहे. आता सरेंडर न करता फक्त पुढचे हप्ते थांबवले तर? याला पेड-अप म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या पानांवर नियम सरळ आहे. दहापैकी पाच हप्ते भरलेत, म्हणून पुढचं सगळं निम्मं. २०३० ला ३ च्या जागी दीड लाख, २०३५ ला २४ च्या जागी १२ लाख. साडेतीन लाख आज उचलण्याऐवजी तिथेच पडू दिले तर त्याचे दहा वर्षांत साडेतेरा लाख होतात. वर्षाला पंधरा टक्क्यांच्या वर. एवढा परतावा हमीने देणारं मला दुसरं काही ठाऊक नाही. पॉलिसी चांगली आहे म्हणून हे होत नाही. सरेंडरची किंमत इतकी पडेल आहे म्हणून होतं.

आणि उरलेले पाच हप्ते भरत राहिलात तर? नवे १० लाख घालायचे, त्यापोटी २०३० ला वरचे दीड आणि २०३५ ला वरचे १२. हा नव्या पैशांवरचा परतावा जेमतेम चार टक्के. तेच २-२ लाख पाच वर्षं ७.१ टक्क्यांनी गेले तर २०३५ ला साडेसतरा लाख होतात. पॉलिसीतले ते दीड लाख पुढे पाच वर्षं त्याच दराने वाढवले तरी चौदा. या पाच वर्षांतले टर्म विम्याचे वर्षाला २५ हजार यातूनच काढले तरी पंधरा लाख उरतात, आणि दीड कोटींचं कव्हर वर.

तेव्हा जुने पैसे तिथेच राहू द्या, नवा रुपया घालू नका. मात्र क्रम चुकवू नका. टर्म पॉलिसीचा कागद हातात आला, की मगच हप्ता थांबवायचा. पेड-अप झाल्यावर जुन्या पॉलिसीचं कव्हरही निम्मं, १० लाखांवर येतं. उलटं केलंत तर मधल्या काळात घर उघड्यावर.

इतर वाचकांनी ही ओळ आपल्या पॉलिसीला जशीच्या तशी लावू नये. काही पॉलिसींत आधी दिलेली रक्कम पेड-अपमधून वजा करतात. तसं असतं तर इथे २०३५ ला १२ च्या जागी ९ लाखच उरले असते, मधले दीड लाखही गेले असते, आणि मग गणित उलटं फिरून दात-ओठ खाऊन उरलेले हप्ते भरणंच बरं ठरलं असतं. म्हणून कंपनीकडून 'आज थांबलो तर कोणत्या तारखेला किती' हे ईमेलवर मागवा. तुम्हीही मागवा. पानांवर लिहिलंय ते मी वाचलं, पण कंपनीच्या ईमेलला जास्त वजन आहे.

आणखी एक, तुम्ही कंसात टाकलेलं. मुलीला फेब्रुवारीत दहा पूर्ण होतात. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं. दर ८.२ टक्के, व्याज करमुक्त, वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत. पंधरा वर्षं भरायचं, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खातं पिकतं, पण ती अठराची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. 'मुलीच्या शिक्षणासाठी' म्हणून तुम्हाला साडेचार टक्क्यांची पॉलिसी विकताना बँकेत हेही खातं उघडता आलं असतं. त्यावर पॉलिसीसारखं कमिशन नाही, म्हणून कुणी विषय काढला नाही. जन्मदाखला घ्या आणि पोस्टात जा. हजार रुपयांनी सुरुवात केली तरी चालेल, पण जानेवारीच्या आत.

आता ट्रिप. जा ना, माझं काही म्हणणं नाही. फक्त मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मिसेसच्या शाळेला सुट्टी असेल आणि सिंगापूरच्या शाळांची जूनची सुट्टी मेअखेरीला सुरू होते, त्याच्या आधी परत या. पैसे असे. पॉलिसीच्या ३ लाखांतला १ लाख एफडीच्या शेजारी ठेवा, २ लाख ट्रिपचे. कार्डाचा शेवटचा हप्ता डिसेंबरमध्ये संपतो. सहावा हप्ता भरायचा नाही म्हणजे जानेवारीपासून महिना १८ हजार मोकळे, एप्रिलपर्यंत ७२ हजार. त्यात एप्रिलचा इन्सेंटिव्ह जो काय मिळेल तो. तीन-साडेतीन लाखांत चार रात्रींची सहल स्वतः बुकिंग करून बसवता येते. एक्स्प्रेस पास घेऊ नका, पार्क उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा. आईंना न्यायचं असेल तर प्रवास विमा घ्या, त्यात त्यांचे आजार लिहा, आणि त्यांचा एक दिवस पार्कात न घालवता दुसरीकडे घालवा. मे महिन्यापासून पुढचे १८ हजार सुकन्या आणि एखाद्या साध्या इंडेक्स फंडाच्या एसआयपीत वाटून टाका. मुलीच्या कॉलेजला आठ वर्षं आहेत, तेवढा वेळ शेअर बाजाराला द्यायला हरकत नाही.

आणि या नाताळात पोरांना काहीच नाही असं नको. खोपोलीचं इमॅजिका तुमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. तिथेही सुट्टीत गर्दी असते, तिकीट चढं असतं, पण तिकिटं, खाणं, टोल, डिझेल मिळून पाच जणांचे पंधरा-वीस हजार. सकाळी निघा, ऑनलाइन तिकीट काढूनच जा. धाकट्याला त्याच्या उंचीला चालेल त्या राइडमध्ये बसवा, थोरलीला नायट्रो या मोठ्या कोस्टरसमोर उभं करून विचारा. ती हो म्हणाली तर मे महिन्यात सिंगापूरला काय काय बघायचं ते तीच ठरवेल.

जानेवारीत बँकेतून फोन येईल. "सर, प्रीमियम राहिलाय, पॉलिसी लॅप्स होतेय, तुमचे सगळे पैसे बुडतील." पाच वर्षं हप्ते भरलेली पॉलिसी हप्ता चुकला म्हणून बुडत नाही, पेड-अप होते, हे फोन करणाऱ्यालाही माहीत असतं. त्याला 'बुडतील' हे ईमेलवर लिहून द्यायला सांगा. मग तो म्हणेल, ही बंद करा आणि नव्या प्लॅनमध्ये वळवा, तुमच्यासाठी खास आहे. तेव्हा फोन ठेवून द्या.